रात्रीचे जॉब एकमेकांची वाट कशी पाहतात

बँकेच्या शाखेचे शटर संध्याकाळी खाली आले की दिवसभराच्या व्यवहारांचा हिशोब घालण्याचे काम मेनफ्रेमकडे, म्हणजे संस्थेच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाकडे, जाते. शाखांकडून आलेले व्यवहार एकत्र करायचे, त्यांतले सदोष बाजूला काढायचे, प्रत्येक खात्यावर त्या दिवसाचे व्याज काढायचे, ते खतावणीत चढवायचे, खातेउतारे तयार करायचे आणि सकाळी शाखा उघडण्यापूर्वी नव्या दिवसाची शिल्लक ऑनलाइन यंत्रणेच्या हाती द्यायची, अशी ही कामांची मोठी रांग असते. यातले प्रत्येक काम म्हणजे आधीच लिहून ठेवलेला एक जॉब, आणि कोणीही कळफलकावर न बसता रात्रभर एकामागून एक चालणाऱ्या अशा जॉबांच्या मालिकेला बॅच म्हणतात. मोठ्या संस्थेत एका रात्रीत असे हजारो जॉब चालतात.

नागपुरात मिहानमधल्या कार्यालयांतून, आणि अलीकडे अनेकांच्या घरांतूनही, अशा बॅचवर रात्रपाळीत लक्ष ठेवणारी मंडळी बरीच आहेत. यंत्र दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असते, पडदा इथे असतो. मी त्यांच्यापैकीच एक आहे. या कामावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जेसीएल, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते यंत्राला सांगण्याची भाषा, शिकवतात, प्रोग्रॅम लिहिण्यासाठी कोबोल शिकवतात, सॉर्टचे नियम शिकवतात. पण एक जॉब दुसऱ्या जॉबची वाट कशी पाहतो, हे मात्र बहुतेकांना पहिल्या गोंधळाच्या रात्रीच कळते. ते त्याआधी कळावे, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न नीट मांडू. खतावणीचा जॉब व्याजाच्या जॉबने तयार केलेली फाइल वाचतो, म्हणून व्याजाचे काम आधी आणि खतावणीचे नंतर व्हायला हवे. हे साधण्याचा सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे घड्याळ. व्याजाचा जॉब नऊ वाजता सुरू होतो आणि त्याला साधारण तास लागतो, तर खतावणीला साडेदहाची वेळ द्यावी, मध्ये अर्ध्या तासाची सवड राहते. कित्येक जुन्या बॅचची सुरुवात अशीच झालेली असते आणि ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतेही. मग महिनाअखेर येते, व्यवहार दुप्पट होतात, एखाद्या शाखेची माहिती उशिरा येते, व्याजाचा जॉब पावणेअकरापर्यंत चालतो आणि खतावणी मात्र ठरल्या वेळी, अर्धवट फाइल हातात घेऊन निघते. साडेदहा वाजले याचा अर्थ फक्त साडेदहा वाजले एवढाच असतो. व्याज काढून झाले की नाही, हे घड्याळाला माहीत नसते.

घड्याळाऐवजी काय वापरायचे, ते समजून घ्यायला नागपूरकराला लांब जावे लागत नाही. मुंबई ते हावडा आणि दिल्ली ते चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग आपल्या शहरात मिळतात, आणि त्यांवरच्या गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत असल्या तरी सुटतात त्या वेळापत्रकाच्या भरवशावर नव्हे. पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्या स्थानकातून त्या टप्प्यात गाडी सोडता येत नाही. गाडीची वेळ झाली असेल, सिग्नलखाली चालक तयार उभा असेल, तरी आधीची गाडी टप्प्यातून बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत ती उभीच राहते.

यातही एक बारकावा आहे आणि आपल्या विषयासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. आधीची गाडी पुढच्या स्थानकात शिरली, एवढ्याने तिला ‘आली’ म्हणत नाहीत. शेवटच्या डब्याच्या मागे ‘एलव्ही’ अशी पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्यावरच गाडी पूर्ण आली असे मानतात, कारण वाटेत जोड सुटून चार डबे मागे रुळांवर राहिलेले असू शकतात. जिथे ॲक्सल काउंटर बसवले आहेत तिथे टप्प्यात शिरलेल्या आणि बाहेर पडलेल्या चाकांच्या जोड्या मोजून हीच खात्री यंत्राकडून केली जाते. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, काम पूर्ण झाल्याचा पुरावा. आणि दोन, त्या पुराव्यावरून दिलेली, दूरवरून वाचता येईल अशी खूण. मेनफ्रेमवर या दुसऱ्या गोष्टीला आपण स्टेटस व्हेरिएबल म्हणतो, बोलताना नुसते ‘फ्लॅग’ किंवा ‘कंडिशन’ म्हणतो. खूण दिसते म्हणून तिच्यामागचा पुरावा असेलच, असे गृहीत धरल्याने जितके घोटाळे होतात तितके दुसऱ्या कशाने होत असतील असे मला वाटत नाही.

आता ही खूण जन्माला कशी येते ते पाहू. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० जाहीर केली आणि तिच्या ओएस/३६० या प्रणालीबरोबर जेसीएल आले. तेव्हापासून आजच्या झेड-ओएसपर्यंत एक रीत कायम आहे. जॉब म्हणजे पायऱ्यांची मालिका, प्रत्येक पायरीत एक प्रोग्रॅम, आणि प्रोग्रॅम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो, तो म्हणजे रिटर्न कोड. रूढ संकेत असा की ० म्हणजे सगळे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर चूक आणि १६ म्हणजे काम पुढे नेताच येत नाही. हा संकेतच आहे, निसर्गनियम नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवले तर त्याच्याकडे ४ चा अर्थ ‘आज एकही व्यवहार नव्हता’ असाही असू शकतो, आणि तो अर्थ कुठेतरी लिहून ठेवलेला नसेल तर रात्री दोन वाजता तो कोणालाही आठवत नाही.

जॉबच्या आत पुढची पायरी चालवायची की नाही हे याच आकड्यावरून ठरते. त्यासाठीचा जुना कॉन्ड पॅरामीटर नव्या माणसाला हमखास चकवतो, कारण त्याचा अर्थ उलटा लावावा लागतो. त्यात लिहिलेली अट खरी ठरली तर पायरी वगळली जाते. ‘४, एलटी’ असे लिहिले असेल तर ‘४ हा आधीच्या रिटर्न कोडपेक्षा लहान असल्यास ही पायरी चालवू नको’ असे वाचायचे. नंतर जेसीएलमध्ये इफ-देन-एल्स आले आणि हीच गोष्ट सरळ वाचता येईल अशी लिहिता येऊ लागली. नवीन जॉब लिहिताना मी कॉन्ड वापरत नाही. जो मजकूर थकलेल्या माणसाला उलटा वाचावा लागतो, त्यावर रात्रीचा हिशोब अवलंबून ठेवू नये असे माझे मत आहे.

प्रोग्रॅम नीट संपलाच नाही, मध्येच कोसळला, तर त्याला ॲबेंड म्हणतात. अंकांच्या जागी भलतीच अक्षरे आली की होणारा एस-झिरो-सी-सेव्हन, ठरलेला वेळ संपल्यावर येणारा एस-थ्री-ट्वेंटी-टू, ऑपरेटरने जॉब रद्द केल्यावर दिसणारा एस-टू-ट्वेंटी-टू, ही या कुळातली रोजची नावे. एका पायरीत ॲबेंड झाला की पुढच्या पायऱ्या, वेगळे सांगितले नसेल तर, आपोआप वगळल्या जातात. इथवरची व्यवस्था यंत्रात मुळापासून आहे आणि ती चांगली आहे.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. आयईएफबीआर१४ नावाचा एक प्रोग्रॅम मेनफ्रेमवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तो काहीच करत नाही. फक्त सुरू होतो आणि परततो, कारण फाइल तयार करणे किंवा पुसणे यासारखी कामे जेसीएलच्या ओळींवरूनच होतात आणि त्यांना निमित्त म्हणून एखादा प्रोग्रॅम लागतो. सुरुवातीच्या रूपात त्यात परत जाण्याची एकच आज्ञा होती. पण रिटर्न कोड प्रोसेसरमधल्या ज्या रजिस्टरमधून, म्हणजे छोट्या कप्प्यातून, वाचला जातो ते १५ क्रमांकाचे रजिस्टर शून्य करायचे राहून गेले होते, त्यामुळे काहीही न करणारा हा प्रोग्रॅम संपताना भलताच आकडा मागे ठेवू शकत होता. पुढे रजिस्टर शून्य करणारी दुसरी आज्ञा त्यात घालावी लागली. काम बिनचूक होणे आणि ते बिनचूक झाल्याचे खरे सांगणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम वेगळे लिहावे लागते, हे या दोन आज्ञांच्या प्रोग्रॅमइतके स्वच्छ मला कुठेच दिसलेले नाही.

रिटर्न कोड मात्र जॉबच्या चौकटीतच राहतो. दुसऱ्या जॉबपर्यंत तो पोहोचवायचा असेल तर तो कुठेतरी बाहेर टिपून ठेवावा लागतो. हे निरनिराळ्या यंत्रणांनी निरनिराळ्या प्रकारे केले आहे. आयबीएमच्या जेईएस३ या जॉबांची रांग सांभाळणाऱ्या यंत्रणेत एकमेकांवर अवलंबून असलेल्या जॉबांचे जाळे जेसीएलमध्येच जाहीर करता येत असे. प्रत्येक जॉबला एक होल्ड काउंट असे, म्हणजे त्याच्या आधी किती जॉब संपायला हवेत तो आकडा. आधीचा एकेक जॉब संपला की हा आकडा एकाने उतरे आणि शून्यावर आला की जॉब मोकळा होई. आधीचा जॉब कोसळला तर आकडा उतरवायचा, तसाच ठेवायचा की पुढचा जॉब रद्द करायचा, हेही आधी सांगून ठेवता येई. जेईएस२ या तशाच दुसऱ्या यंत्रणेकडे अशी सोय बराच काळ नव्हती. २०१५ साली आलेल्या झेड-ओएस २.२ मध्ये तिथे जॉब ग्रुप आले आणि ‘हा जॉब त्याच्या नंतर’ असे जेसीएलमध्ये लिहिता येऊ लागले.

सीमेन्सकडून सुरू झालेल्या आणि पुढे फुजित्सूकडे गेलेल्या बीएस२००० या मेनफ्रेम प्रणालीने याचे उत्तर फार नेटके दिले आहे. तिथे जॉब व्हेरिएबल नावाचीच वस्तू आहे, जिला जॉबच्या बाहेर स्वतःचे अस्तित्व असते. जॉब पाठवतानाच त्याच्यावर नजर ठेवणारे एक व्हेरिएबल त्याला जोडून देता येते आणि मग प्रणाली स्वतःच त्यात जॉबची स्थिती लिहीत राहते. जॉब रांगेत असेल तर डॉलर-एस, चालू असेल तर डॉलर-आर, नीट संपला तर डॉलर-टी, बिघडून संपला तर डॉलर-ए. दुसरा जॉब हे व्हेरिएबल वाचू शकतो किंवा त्यात ठरावीक किंमत येईपर्यंत थांबून राहू शकतो. यातली मला आवडणारी गोष्ट अशी की स्थिती लिहिण्याचे काम जॉबकडे नाही, प्रणालीकडे आहे. कोसळलेला जॉब ‘मी कोसळलो’ असे लिहायला उरलेला नसतो. ते दुसऱ्या कोणीतरी लिहावे लागते.

आज बहुतेक ठिकाणी हे काम स्वतंत्र शेड्युलरकडे, म्हणजे कोणता जॉब कधी सोडायचा ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, असते. बीएमसीचा कंट्रोल-एम, ब्रॉडकॉमकडे असलेला सीए-७ आणि जुनी मंडळी ज्याला अजून ओपीसी म्हणतात तो आयबीएमचा वर्कलोड शेड्युलर, ही नावे नोकरीच्या जाहिरातींत दिसतील. वर्कलोड शेड्युलर प्रत्येक कामापुढे एक अक्षर दाखवतो. आधीच्या कामासाठी थांबलेले असेल तर डब्ल्यू, सुरू व्हायला तयार असेल तर आर, सुरू झाले तर एस, पूर्ण झाले तर सी, चुकीने संपले तर ई. कंट्रोल-एमची रीत वेगळी आहे. तिथे जॉब संपताना ठरावीक नावाची कंडिशन फलकावर लावतो, जणू चिठ्ठी डकवतो, आणि पुढचा जॉब ती चिठ्ठी दिसेपर्यंत थांबतो. चिठ्ठी लावणाऱ्याला ती कोण वाचणार हे ठाऊक असण्याची गरज नसते, वाचणाऱ्याला ती कोणी लावली याच्याशी देणेघेणे नसते. त्यामुळे मालिकेत मध्येच नवा जॉब घालणे सोपे जाते. आणि या चिठ्ठीवर नावाबरोबर तारीख असते.

ती तारीख किती आवश्यक आहे, हे मला एका रात्री फार महागात कळले. काही वर्षांपूर्वी मी एका वित्तसंस्थेच्या बॅचवर रात्रपाळीत होतो. तिथे शेड्युलर होता, पण मुख्य टप्प्यांचे फ्लॅग मात्र जुन्या पद्धतीने एका छोट्या कंट्रोल फाइलमध्ये ठेवले होते. प्रत्येक टप्प्याच्या नावापुढे एकच अक्षर, वाय किंवा एन. रोज संध्याकाळी पाचला एक जॉब सगळे फ्लॅग परत एन करून ठेवी आणि रात्री एकेक टप्पा पूर्ण होईल तसे ते वाय होत जात. त्या दिवशी दुपारी यंत्राची देखभाल होती. पाचचा जॉब रोखून धरलेला होता आणि देखभाल संपल्यावर तो सोडायचे राहून गेले. रात्री पावणेअकराला खतावणीच्या जॉबने फ्लॅग पाहिला, तिथे व्याजापुढे वाय होता, आणि तो निघाला. तो वाय आदल्या रात्रीचा होता. त्या रात्रीचे व्याज अजून सुरूही झालेले नव्हते, कारण शाखांची माहिती उशिरा येत होती.

खतावणीला फाइल मिळालीच नसती तर ती तिथेच थांबली असती. पण फाइल होती, तीही आदल्या रात्रीची. साडेअकराच्या सुमारास ऑपरेटरचा फोन आला, ‘दादा, आज खतावणी लवकरच आटोपली.’ मी रिटर्न कोड पाहिला, सगळीकडे शून्य होते, आणि मी पुढच्या कामाकडे वळलो. मध्यरात्रीनंतर खरे व्याज निघाले, त्याने आपला फ्लॅग पुन्हा वाय केला, आणि पडद्यावर सगळे जसे असायला हवे तसे दिसू लागले. पहाटे साडेपाचला ताळमेळाचा अहवाल आला तेव्हा त्यातली एकूण व्याजाची रक्कम आदल्या दिवशीच्या रकमेइतकीच होती, पैशापर्यंत. लाखो खात्यांची बेरीज दोन दिवस पैशापर्यंत सारखी येत नाही. बॅकअपवरून खतावणी मागे नेऊन सगळे पुन्हा चालवायला दुपार झाली आणि तोवर शाखांमधून लोक रांगेत उभे होते.

त्या रात्री एकही प्रोग्रॅम चुकला नव्हता. खूण खोटीही नव्हती, ती फक्त दुसऱ्या दिवसाची होती. म्हणून ‘व्याज पूर्ण’ एवढे म्हणणारी खूण अपुरी असते. ‘अमुक तारखेचे व्याज पूर्ण’ असे म्हणणारी हवी. खुणेत तारीख असली की कालची खूण पुसायची राहिली तरी बिघडत नाही, कारण आजचा जॉब आजच्याच तारखेची खूण शोधतो आणि ती नसेल तर थांबतो. फ्लॅग रोज पुसण्यासाठी वेगळा जॉब लागणे हेच मुळात रचनेतला दोष दाखवते, असे मी आता मानतो.

तारीख म्हणजे कोणती, हेही ठरवावे लागते. बॅच मध्यरात्र ओलांडते. ३१ मार्चचे वर्षअखेरीचे काम १ एप्रिलच्या सकाळपर्यंत चालते आणि त्या सगळ्या वेळात हिशोबाची तारीख ३१ मार्चच असते. प्रोग्रॅमने यंत्राच्या घड्याळातून तारीख उचलली तर रात्री बारानंतर संपणारा जॉब १ एप्रिलची खूण लावील आणि त्याच्यामागचा जॉब ३१ मार्चच्या खुणेची वाट पाहत बसेल. म्हणून व्यवहाराची तारीख बॅचच्या सुरुवातीला एकदा ठरवून प्रत्येक जॉबला तीच पुरवायची असते. कंट्रोल-एममध्ये जॉब ज्या कामकाजाच्या दिवसासाठी मागवला गेला ती तारीख त्याच्याबरोबर चालते, ती याचसाठी.

त्या रात्री आदल्या दिवसाची फाइल सहज हाती कशी लागली, तेही सांगायला हवे. मेनफ्रेमवर रोज तयार होणाऱ्या फाइलींसाठी जीडीजी नावाची सोय आहे. एकाच नावाखाली पिढ्या साठतात, नवी पिढी अधिक एक म्हणून तयार होते आणि सध्याची सर्वांत नवी पिढी शून्य म्हणून वाचता येते. ही फार सोयीची गोष्ट आहे आणि म्हणूनच धोक्याचीही आहे, कारण शून्य म्हणजे ‘आजची’ नव्हे, ‘असलेल्यांतली सर्वांत नवी’. आजची तयार झाली नसेल तर शून्याचा अर्थ कालची असा होतो आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. उलट बाजूनेही घोळ होतो. व्याजाचा जॉब फाइल पूर्ण लिहून नंतरच्या पायरीत पडला आणि कोणी तो पहिल्यापासून चालवला, तर त्याच दिवसाच्या दोन पिढ्या होतात. मग सगळ्या पिढ्या एकत्र वाचणारा महिनाअखेरीचा जॉब त्या दिवसाचे व्याज दोनदा धरतो.

याला उत्तर म्हणजे फाइलीची एलव्ही पाटी. फाइलीच्या आरंभी व्यवहाराची तारीख असलेली एक नोंद ठेवायची आणि शेवटी दुसरी, तीत एकूण नोंदी किती आणि रकमांची बेरीज किती ते लिहायचे. वाचणारा जॉब पहिल्यांदा तारीख पडताळतो, शेवटी स्वतः मोजलेल्या नोंदी आणि बेरीज या पाटीशी ताडून पाहतो, आणि काहीही जुळले नाही तर मोठा रिटर्न कोड देऊन थांबतो. अशी पडताळणी आमच्याकडे त्या रात्री असती तर चुकीच्या वेळी निघालेली खतावणी पहिल्याच नोंदीपाशी थांबली असती. फ्लॅग आणि पडताळणी यांपैकी एकच निवडायला कोणी सांगितले तर मी पडताळणी निवडीन.

ज्या ठिकाणी फ्लॅग स्वतः सांभाळायचे असतात, तिथे ते फाइलऐवजी डीबी२ या डेटाबेसच्या एखाद्या टेबलात ठेवणे बरे. जॉबचे नाव, व्यवहाराची तारीख, स्थिती, ती कधी बदलली आणि कोणी बदलली, एवढे रकाने पुरतात. लिहिण्याचा क्रम मात्र कटाक्षाने पाळावा लागतो. जॉब सुरू होताना पहिली गोष्ट म्हणून ‘चालू’ लिहायचे आणि ‘पूर्ण’ हे अगदी शेवटी, सगळ्या फाइली बंद होऊन पडताळणी झाल्यावर. जॉबचे कामही डीबी२ मध्येच असेल तर शेवटची माहिती आणि ‘पूर्ण’ ही खूण एकाच कमिटमध्ये गेली पाहिजे, म्हणजे एकतर दोन्ही टिकतील किंवा दोन्ही मागे जातील. पुन्हा चालवलेल्या जॉबनेही सुरुवातीला स्थिती परत ‘चालू’ करायलाच हवी, नाहीतर तो अर्ध्यावर असताना त्याची जुनी ‘पूर्ण’ खूण पाहून त्याच्यानंतरचा जॉब निघतो. दोन जॉब एकाच क्षणी टेबल वाचून दोघेही ‘मीच सुरू करतो’ असे ठरवू नयेत, यासाठी ओळ वाचतानाच ती बदलण्याच्या हेतूने कुलूपबंद करावी लागते. आधी पाहणे आणि मग लिहिणे यांत फट राहता कामा नये.

मोजणी आणि खूण यांत मला नेहमी खूणच पसंत आहे. चार शाखागटांची माहिती आल्यावर पुढे जायचे असेल तर कोणीतरी साधा आकडा ठेवतो, एकेक गट आला की एकाने वाढवतो आणि चार झाले की पुढे जातो. मग एका गटाची माहिती दोनदा पाठवली जाते, आकडा चार होतो, आणि चौथा गट अजून यायचाच असतो. प्रत्येक गटाची वेगळी खूण ठेवली की हे घडत नाही.

आता माणसाच्या हस्तक्षेपाकडे येऊ. रात्री तीनला एखादा जॉब पडतो, त्याचा तक्ता सकाळी कोणी पाहत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याच्यामागे चाळीस जॉब अडकलेले असतात. अशा वेळी त्याला हाताने पूर्ण ठरवण्याची सोय प्रत्येक शेड्युलरमध्ये असते. पाळीवर त्याला ‘फोर्स ओके’ म्हणतात. ही सोय असायलाच हवी. दोष तेव्हा होतो जेव्हा नोंदीत ‘पूर्ण झाला’ आणि ‘पूर्ण ठरवला’ या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो. आपल्या टेबलात या दोन स्थिती वेगळ्या असाव्यात आणि ‘ठरवला’ असेल तिथे कोणी व का हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. अशीच दुसरी सवय आयडीकॅम्स हा फाइली तयार करण्या-पुसण्याचा प्रोग्रॅम वापरताना दिसते. नसलेली फाइल पुसायला गेले की तो ८ देतो, आणि ते चालण्यासारखे असल्यामुळे लोक पुढच्याच ओळीत कमाल कोड शून्य करून टाकतात. मग एखाद्या दिवशी फाइल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असल्यामुळे पुसली जात नाही, तोही ८ शून्य होतो, आणि नवी माहिती जुन्या फाइलीशी जाऊन भिडते. कोड शून्य करायचाच असेल तर ‘फाइल नव्हती’ एवढ्याच कारणासाठी करावा.

क्रम आणि ताबा यांतली गल्लतही नेहमीची आहे. नागपूर स्थानकाजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ रुळांना आडवे छेदतात, तिथे एका वेळी एकाच दिशेची गाडी जाऊ शकते. पण आधी कोणती जावी, हे ते क्रॉसिंग सांगत नाही. मेनफ्रेमवर एखाद्या जॉबने फाइल ‘ओल्ड’ म्हणून मागितली की त्याचे काम होईपर्यंत दुसऱ्याला ती मिळत नाही, तो थांबतो. काही जण यालाच समन्वय समजतात. हा फक्त ताबा झाला; दुसरा जॉब आधी सुरू झाला तर तो आधी ताबा घेईल आणि चुकीच्या क्रमाने पण अगदी सुरक्षितपणे काम करून जाईल. शिवाय फाइलीसाठी थांबलेला जॉब इनिशिएटर अडवून बसतो आणि तेवढी जागा इतर जॉबांना मिळत नाही. क्रमासाठी खूण आणि ताब्यासाठी शेड्युलरमधले रिसोर्स, असे दोन्ही वेगळे ठेवलेले बरे.

आणि घड्याळ? त्याला बॅचमधून हाकलायचे नाही. जॉब सुरू करण्यासाठी ते वापरू नये. पण खूण किती वाजेपर्यंत यायला हवी होती, हे सांगण्यासाठी ते लागतेच. बाहेरच्या संस्थेकडून यायची फाइल आलीच नाही तर तिची वाट पाहणारा जॉब आयुष्यभर वाट पाहील, त्याला त्यात काही चूक वाटणार नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खुणेला एक मुदत द्यायची आणि ती टळली की माणसाला उठवायचे. जॉब मात्र सोडायचा नाही. हा फरक नव्या मंडळींना मी मुद्दाम वेगळा समजावतो, कारण मुदत संपली की पुढे निघा असे लिहिलेले जॉब मी पाहिले आहेत.

आमच्या पाळीवर आता सकाळी सहाला जी नोंद पुढच्या पाळीकडे जाते, तिच्यात पडलेल्या जॉबांच्या आधी हाताने पूर्ण ठरवलेल्या जॉबांची यादी असते. प्रत्येकापुढे व्यवहाराची तारीख, ठरवणाऱ्याचे नाव आणि त्याची फाइल ज्या ज्या जॉबने पुढे वाचली त्यांची नावे असतात. काल त्या यादीत दोन नावे होती. सकाळच्या ताईंनी दोन्हींच्या फाइली उघडून आरंभीची तारीख आणि शेवटची बेरीज पाहिली, एक बरोबर निघाली, दुसरी रिकामी होती, आणि ती वाचणारे तीन जॉब त्यांनी नऊच्या आत पुन्हा चालवून घेतले.